बॉयकॉट नावाचं क्रियापद

इंग्रजीत काही क्रियापदं अशी आहेत की ती उच्चारली की दार आपटल्यासारखा आवाज होतो. बॉयकॉट हे त्यातलं एक. आम्हाला शाळेत हा शब्द भेटला तेव्हा सरांनी फळ्यावर 'बॉयकॉट म्हणजे बहिष्कार टाकणे' एवढं लिहिलं आणि पुढच्या शब्दाकडे वळले. सरांचीही काही चूक नाही, शब्दकोशातही तेवढंच असतं. पण वर्गातल्या निम्म्या मुलांसाठी बॉयकॉट म्हणजे यॉर्कशायरचा तो चिवट सलामीवीर. एक आडनाव क्रियापद कसं काय असू शकतं, असं मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलंही होतं. त्या प्रश्नाचं उत्तर त्या तासाला मिळालं नाही. खरं तर सगळी गंमत त्या प्रश्नातच होती.

कारण तो शब्द आडनावच आहे.

चार्ल्स कनिंगहॅम बॉयकॉट हा मूळचा इंग्लंडमधल्या नॉरफोकचा. जन्म १८३२ चा. सैन्यात थोडी वर्षं काढली, पण कॅप्टन या हुद्द्यापर्यंत काही तो पोचला नव्हता. आपल्याकडे गावात कुणालाही 'सुभेदार' म्हणतात ना, तसा लोकांनी दिलेला कॅप्टन. १८७३ पासून तो आयर्लंडच्या पश्चिमेला मेयो परगण्यात, लॉख मास्क नावाच्या तळ्याकाठी राहायला आला. तिथली जमीन लॉर्ड अर्न नावाच्या बड्या जमीनदाराची. अर्न राहणार दूर, आणि कुळांकडून खंड वसूल करणार बॉयकॉट. बदल्यात त्याला वसुलीतला हिस्सा आणि स्वतःसाठी शेती. आपल्या कोकणातल्या वाचकांना खोत आणि त्याचा कारभारी म्हटलं की हे चित्र चटकन उभं राहील. माणूस हेकट होता. कुळांच्या कोंबड्या त्याच्या जमिनीत आल्या तर दंड, फाटक उघडं राहिलं तर दंड, रानातला लाकूडफाटा वेचायचा नाही, असले त्याचे नियम.

१८७९ साल आयर्लंडला फार वाईट गेलं. पीक बुडालं, आणि बटाट्याच्या दुष्काळाची चाळीशीतली आठवण अजून ताजी होती. त्याच वर्षी ऑक्टोबरात मेयोमध्येच लँड लीगची स्थापना झाली. मायकेल डेव्हिट हा त्यामागचा माणूस आणि चार्ल्स स्ट्युअर्ट पार्नेल अध्यक्ष. १८८० मध्ये लॉर्ड अर्नच्या कुळांनी खंडात २५ टक्के सूट मागितली. अर्न १० टक्क्यांच्या पुढे सरकेना. ज्यांनी खंड भरला नाही त्यांना जमिनीवरून काढायच्या नोटिसा निघाल्या.

आता थोडं मागे जाऊन पार्नेलचं एक भाषण सांगायला हवं. १९ सप्टेंबर १८८० ला एनिस या गावी त्याची सभा झाली. त्याने गर्दीला विचारलं, शेजाऱ्याला हुसकावून लावलेली जमीन जो माणूस कसायला घेतो त्याचं काय करायचं? गर्दीतून आवाज आला, गोळी घाला! (आयर्लंडमध्ये तेव्हा हे नुसतं बोलणं नव्हतं, माणसं खरंच गोळ्या घालत.) पार्नेल म्हणाला, त्याहून चांगला आणि ख्रिस्ती धर्माला साजेसा मार्ग सांगतो. रस्त्यात भेटला तर त्याच्याशी बोलू नका, दुकानात बोलू नका, बाजारात नाही, प्रार्थनेच्या जागीसुद्धा नाही. महारोग्यापासून दूर राहतात तसे दूर राहा.

म्हणजे बघा, या क्रियापदाचा जन्म बंदुकीला पर्याय म्हणून झाला. हे आपण नेहमी विसरतो.

तीनच दिवसांनी, २२ सप्टेंबरला, नोटिसा बजावणारा माणूस पोलिसांच्या संरक्षणात बॉयकॉटच्या कुळांच्या दारी गेला. बायका बाहेर आल्या आणि त्यांनी चिखल नि शेण मारून त्याला पिटाळून लावलं. दुसऱ्या दिवसापासून बॉयकॉटच्या घरातले नोकर निघून गेले. शेतमजूर गेले. लोहार घोड्याला नाल मारेना, धोबीण कपडे घेईना, बॅलिनरोबचे दुकानदार माल देईनात. पत्रं आणणाऱ्या पोराला वाटेत धमकावलं. कुणी मारहाण केली नाही, कुणी घर जाळलं नाही. सगळे फक्त हात बाजूला घेऊन उभे राहिले आणि शेतात बटाटे, सलगम तसेच जमिनीत.

बॉयकॉटने लंडनच्या 'टाइम्स'ला पत्र लिहून आपली कर्मकहाणी सांगितली. ते ऑक्टोबरात छापून आलं आणि सगळा गहजब झाला. उत्तरेकडच्या कॅव्हन आणि मोनहन या परगण्यांतले पन्नास ऑरेंजमन, म्हणजे ब्रिटिश राजनिष्ठ प्रॉटेस्टंट, पीक काढायला निघाले. त्या पन्नासांच्या रक्षणासाठी सरकारने सैनिक आणि पोलीस मिळून हजाराच्या आसपास माणसं पाठवली. नोव्हेंबरातला आयरिश पाऊस, तंबू, चिखल, आणि हजार बंदूकधाऱ्यांच्या गराड्यात पन्नास माणसं सलगम उपटताहेत! पीक होतं सुमारे ५०० पौंडांचं, ते काढायला खर्च आला १०,००० पौंडांच्या घरात. सैन्याने स्वारीवर जावं तशी ही सलगमची स्वारी. आणि या सगळ्यात गावकरी काय करत होते? काही नाही. तीच तर मेख होती.

२७ नोव्हेंबरला बॉयकॉट कुटुंबासह निघाला. गाडी हाकायला कुणी तयार नव्हतं म्हणून सैन्याची आजारी माणसं वाहायची गाडी घ्यावी लागली. डब्लिनला ज्या हॉटेलात उतरला, त्या मालकालाही धमकीचं पत्र आलं. डिसेंबर उजाडला तसा तो इंग्लंडला गेला.

शब्द कुणी केला, त्याचीही गोष्ट नोंदलेली आहे. जेम्स रेडपाथ हा अमेरिकन वार्ताहर तिथे आला होता. स्थानिक धर्मगुरू फादर जॉन ओमॅली यांच्याबरोबर तो जेवत होता. रेडपाथ म्हणाला, या प्रकाराला काय म्हणावं तेच सुचत नाहीये. इंग्रजीत 'ऑस्ट्रसाइझ' आहे, पण तो शब्द चालेल का? ओमॅली म्हणाले, छे, आमच्या शेतकऱ्यांना तो कळायचा नाही. मग थोडा विचार करून म्हणाले, आपण त्याला 'बॉयकॉट करणं' म्हटलं तर?

मला ही गोष्ट फार आवडते. 'ऑस्ट्रसाइझ' हा ग्रीक पंडिती शब्द. अथेन्समध्ये खापराच्या तुकड्यांवर नाव खरडून नागरिक मतदान करत आणि ज्याचं नाव निघेल त्याला दहा वर्षं शहराबाहेर जावं लागे. तो राज्याचा निर्णय, कायदेशीर हद्दपारी. मेयोतल्या कुळांच्या हातात कुठलं आलं राज्य? त्यांच्या हातात एकच गोष्ट होती, ती म्हणजे आपलं काम. ते त्यांनी काढून घेतलं. त्या कृतीला जुना शब्द बसत नव्हता, म्हणून नवा करावा लागला. तो विद्वानाने कोशात बसून केला नाही, धर्मगुरूने जेवणाच्या टेबलावर केला. नोव्हेंबर संपायच्या आत तो लंडनच्या वर्तमानपत्रात होता. थोड्याच काळात फ्रेंच, जर्मन, रशियन सगळीकडे पोचला. आडनावाचं पहिलं मोठं अक्षर लवकरच गळून पडलं आणि कॅप्टनसाहेब साधं क्रियापद झाले.

त्या महिन्या-दोन महिन्यांत आपल्याकडे काय चाललं होतं? पुण्यात 'केसरी'ची तयारी. पहिला अंक ४ जानेवारी १८८१ चा. म्हणजे 'केसरी' आणि 'बॉयकॉट' अगदी पाठोपाठची भावंडं! पुढे पंचवीस वर्षांनी त्यांची गाठ पडायची होती.

पण मराठीला ही गोष्ट नवीन होती का? गोष्ट जुनीच, आणि शब्द तर हवे तितके. बहिष्कार, वाळीत टाकणं, ग्रामण्य, रोटी-बेटी व्यवहार बंद करणं. ज्या समाजाकडे एका गोष्टीला इतके शब्द असतात, त्याने ती गोष्ट भरपूर केलेली असते. खुद्द टिळकांनी तिचा अनुभव घेतला होता. १८९० साली पुण्यातल्या पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानाला गेलेल्या मंडळींपुढे चहा-बिस्किटं आली. गोपाळराव जोशांनी (आनंदीबाईंचे यजमान, भारीच अवली माणूस) हजर असलेल्यांची नावं बाहेर फोडली आणि पुण्यात ग्रामण्य उभं राहिलं. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलं. रानडे, टिळक अशा माणसांना एका कप चहापायी प्रायश्चित्ताच्या वाटाघाटी कराव्या लागल्या. त्याच वर्षी मुंबईत नाभिकांनी सभा घेऊन विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, नारायण मेघाजी लोखंड्यांच्या पुढाकाराने. आता या दोन घटना शेजारी ठेवून बघा. पुण्यातला बहिष्कार आणि मुंबईतला बहिष्कार. दोन्हीला मराठीत एकच शब्द लागेल. इंग्रजीत मात्र फक्त दुसऱ्याला ओमॅलींचं क्रियापद चपखल बसतं.

फरक कुठे आहे? 'बहिष्कार' या शब्दात बहिस् आहे, म्हणजे बाहेर. आत असलेला समाज कुणाला तरी बाहेर काढतो. 'बॉयकॉट' मध्ये माणसं स्वतः हात काढून घेतात. एकात ढकलणं आहे आणि दुसऱ्यात सोडून देणं. निदान जन्माच्या वेळी तरी असं होतं.

१९०५ मध्ये बंगालची फाळणी झाली. ७ ऑगस्टला कलकत्त्याच्या टाउन हॉलमधल्या सभेने ब्रिटिश मालावर बॉयकॉटचा ठराव केला. पुण्यात विदेशी कापडाची होळी झाली, टिळकांनी 'केसरी'तून बहिष्काराची बाजू लावून धरली. आणि इथे एक सुंदर वाद झाला, जो आपल्या इतिहासाच्या पुस्तकात दोन ओळींत उरकतात. त्या वर्षअखेर बनारसच्या काँग्रेसचे अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. त्यांनी भाषणात बंगालच्या बॉयकॉटचं समर्थन केलं, पण शब्दाविषयी इशारा दिला. त्यांचं म्हणणं असं की या शब्दाच्या उगमामुळे त्याला एक वाईट वास चिकटला आहे, दुसऱ्याला इजा करण्याची सूडबुद्धी त्यातून आधी जाणवते. आपल्याला देशी उद्योग वाढवायचा असेल तर स्वदेशी हा शब्द पुरेसा आहे, बॉयकॉट अगदी निकराच्या प्रसंगासाठी राखून ठेवा.

टिळकांना हे अर्थातच पटणारं नव्हतं. जानेवारी १९०७ मध्ये कलकत्त्याच्या भाषणात त्यांनी सांगितलं की आपल्याकडे शस्त्रं नाहीत आणि त्यांची गरजही नाही, बॉयकॉट हेच आपलं राजकीय शस्त्र. नुसतं कापड न घेणं नव्हे, तर सरकारला वसुलीत आणि कारभारात मदतच न करणं. स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार, राष्ट्रीय शिक्षण या चतुःसूत्रीत तो शब्द कायमचा बसला. डिसेंबर १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली, त्याच्या कारणांत या शब्दाची व्याप्ती किती धरायची हेही एक होतं. एका क्रियापदावरून पक्ष फुटतो हे आज खरं वाटत नाही, पण मला तरी दोघांचंही म्हणणं खरं वाटतं. मेयोच्या कुळांशी टिळकांचं नातं जास्त जवळचं, कारण दुबळ्याने बलवानाकडून आपलं काम काढून घ्यावं हेच ते सांगत होते. पण शब्दातला विखार गोखल्यांना बरोबर दिसला होता. मेयोतही ज्या पोराला पत्रं नेऊ नको म्हणून धमकावलं, त्याच्या बाजूने विचार केला तर गोखल्यांचा वास आपल्यालाही येतो.

आता जरा घरातलं सांगतो. आमच्या घरातल्या मंडळींना ही गोष्ट पाठ आहे. आजी कोकणात आमच्या गावी लग्न होऊन आली, तेव्हा गावातलं एक घर वाळीत होतं. कारण काय, तर गावकीच्या बैठकीत ठरलेलं त्याने मानलं नाही आणि तालुक्याच्या कोर्टात गेला. शिमग्याला पालखी सगळ्यांच्या दारी जायची, त्याच्या दारात थांबायची नाही. लावणीला गडी मिळायचा नाही. विहीर बंद. विस्तव सुद्धा द्यायचा नाही. आजी तिन्हीसांजेला गोवरीचा निखारा करवंटीत घालून मागच्या गडग्यावर ठेवून यायची आणि पलीकडची बाई तो उचलायची. दोघी एकमेकींशी बोलल्या मात्र कधी नाहीत. बोललं तर खोटं बोलल्याशिवाय सुटका नसती, असं आजी म्हणायची.

निखाऱ्याची गोष्ट आपण सगळे कौतुकाने सांगतो. पण ज्या बैठकीत ते घर वाळीत टाकायचं ठरलं, त्या बैठकीत पणजोबा होते. नुसते होते असं नाही, मानाच्या जागेवर होते. हा अर्धा भाग कुठल्याच लग्नकार्यात कुणी सांगत नाही. काका, आत्या, तुम्ही हे वाचाल हे मला माहीत आहे. फोन आला तरी चालेल, पण गोष्ट पूर्ण सांगायची तर हेही त्यात येतं. त्या घरातलं माणूस गेलं तेव्हा खांदा द्यायला बाहेरगावचे नातेवाईक येईपर्यंत दुपार झाली होती. कॅप्टन बॉयकॉटसाठी सरकारने हजार सैनिक पाठवले. या घरासाठी पोलीस पाटीलही आला नाही, कारण तोही त्याच बैठकीत बसलेला असणार.

इथे शब्द तोच आहे पण वाक्य उलटं झालं आहे. कर्ता आणि कर्म यांची जागा बदलली.

हे उलटं वाक्य सगळ्यात स्पष्ट वाचलं ते डॉ. आंबेडकरांनी. त्यांनी १९२४ मध्ये काढलेल्या सभेचं नाव बहिष्कृत हितकारिणी, १९२७ मधल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत'. ते शब्द त्यांनी शोभेसाठी निवडले नव्हते. १९२८ मध्ये मुंबई सरकारने अस्पृश्य आणि आदिवासींच्या स्थितीची चौकशी करायला स्टार्ट समिती नेमली, आंबेडकर तिचे सदस्य होते. १९३० च्या अहवालात सामाजिक बहिष्कार कसा चालतो ते लिहिलं आहे. अस्पृश्यांनी हक्क बजावायला पाऊल उचललं की गावातले जमीनमालक मजुरी बंद करतात, दुकानदार वाणसामान बंद करतात, वाट बंद करतात. उघड मारहाणीची फिर्याद तरी होते, याची फिर्याद कशी करणार? 'मी त्याला काम दिलं नाही' हा गुन्हा थोडाच आहे? गोलमेज परिषदेच्या वेळी आंबेडकरांनी मागणी केली की बहिष्कार हा गुन्हा ठरवा. आणि त्यासाठी लागणारी व्याख्या कुठून घेतली? ब्रह्मदेशाच्या १९२२ च्या बॉयकॉट-विरोधी कायद्यातून! घर किंवा जमीन भाड्याने न देणं, व्यवहार न करणं, मजुरीने काम न करणं किंवा न देणं, इतर वेळी ठेवले असते असे संबंध तोडणं. कोशातल्या एका शब्दाच्या अर्थापेक्षा कायद्यातली ही यादी क्रियापद जास्त नीट शिकवते. वाचताना मला लॉख मास्कचा लोहार, धोबीण, दुकानदार एकेक करून दिसत होते, फक्त ते आता दुसऱ्या बाजूला उभे होते.

पुढचा प्रवास थोडक्यात. मुंबई राज्याने १९४९ मध्ये वाळीत टाकण्याविरुद्ध कायदा केला. दाऊदी बोहरा समाजाच्या धर्मगुरूंच्या अर्जावर सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये तो रद्द ठरवला, धार्मिक संप्रदायाला आपले व्यवहार सांभाळण्याचा हक्क आहे म्हणून. (२०२३ साली हा प्रश्न नऊ न्यायमूर्तींच्या पीठाकडे पाठवायचं ठरलं.) महाराष्ट्राने २०१६ मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा केला, २०१७ पासून तो लागू आहे. तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. जातपंचायती, गावकी, भावकी सगळे त्यात येतात. आजी असती तर तिला वाचून दाखवला असता.

मग हे क्रियापद वापरायचं कसं? मला जे उमगलं ते असं. एकट्याने होत नाही. मी अमुक हॉटेलात जात नाही हा बॉयकॉट नव्हे, ती आवड किंवा नावड. गुपचूप होत नाही, कारण ज्याच्याशी संबंध तोडले त्याला तो तोडल्याचं कळलं पाहिजे. काहीतरी मागणं लागतं, जे मान्य झालं की संबंध पुन्हा जुळतील. सरकारने हुकूम काढला तर ती बंदी. आणि इंग्रजीत या क्रियापदाला थेट कर्म लागतं, 'फ्रॉम' वगैरे काही नको. यातलं मागणं काढून टाकलं की मागे फक्त वाळीत उरतं. आज कुठल्याही सिनेमाचं नाव जोडून 'बॉयकॉट' लिहिलं जातं तेव्हा मी पहिलं हेच बघतो, की यांचं म्हणणं मान्य झालं तर हे तिकीट काढणार आहेत का?

चांगल्या वापराचं उदाहरण हवं तर १९७४ चं. भारत डेव्हिस चषकाच्या अंतिम फेरीत पोचला होता, अमृतराज बंधू ऐन भरात. समोर वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिका. भारत खेळलाच नाही, चषक तसाच सोडून दिला. स्वतःचं काही जात असलं की या शब्दाला वजन येतं. आणि उलट टोकाला आपला सलामीवीर. १९८१ मध्ये इंग्लंडचा संघ भारतात यायचा होता तेव्हा जेफ्री बॉयकॉटच्या दक्षिण आफ्रिकेच्या संबंधांमुळे भारत सरकार अडून बसलं. वर्णद्वेषाविरुद्ध असल्याची ग्वाही दिल्यावर दौरा झाला. दिल्लीत त्याने सोबर्सचा सर्वाधिक कसोटी धावांचा विक्रम मोडला, कलकत्त्यानंतर तब्येतीचं कारण सांगून घरी गेला आणि मार्च १९८२ मध्ये बंडखोर संघाबरोबर थेट दक्षिण आफ्रिकेत! तीन वर्षांची बंदी आली. बॉयकॉटने बॉयकॉट मोडला, हे वाक्य व्याकरणदृष्ट्या शुद्ध आहे.

मूळच्या कॅप्टनचं काय झालं ते राहिलंच. तो काही काळाने मेयोला परत आला आणि लोक त्याच्याशी बऱ्यापैकी वागले. नंतर १८८६ मध्ये तो इंग्लंडमधल्या सफोकला दुसऱ्या एका जमीनदाराचा कारभारी म्हणून गेला, १८९७ मध्ये वारला. आयर्लंडला सुट्टीत येत राहिला म्हणतात. मधे १८८१ मध्ये तो अमेरिकेला जाऊन आला. आपल्या आडनावाचं तोवर काय झालंय हे त्याला ठाऊक असावं. कारण बोटीवरच्या प्रवाशांच्या यादीत त्याने नाव लिहिलं होतं नुसतं चार्ल्स कनिंगहॅम. न्यूयॉर्कच्या वार्ताहरांनी तरीही त्याला शोधून काढलंच.